गालातला श्वास

माझा दादा मच्छीमाराच्या घरात जन्मला आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा. चिखले गावच्या किनाऱ्यावर आमच्या वडिलांना याची इतकी लाज वाटायची की त्यांनी त्याला नववीतूनच काढून डहाणूत खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात चिकटवून दिलं. कारखाना म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्यात मांडी घालून बसलेली माणसं. तिथे दादा झाळकाम शिकला. साखळीच्या कड्यांचे सांधे जोडायचे, त्याला झाळ देणं म्हणतात. दिव्याची ज्योत वाकड्या पितळी नळीने फुंकून कडीवर नेमकी धरायची. सांध्याला लावलेला टाकणखार फुगतो, झाळेचा कण वितळून पसरतो आणि सांधा बसतो. ज्योत मध्येच तुटली तर सांधा कच्चा राहतो, म्हणून फुंक तुटू द्यायची नाही.

फुंक न तोडता हा माणूस श्वास कधी घेतो, हा प्रश्न मला लहानपणी फार छळायचा. एकदा दादाने दाखवलं. गाल फुगवून ठेवायचे. गालातला वारा नळीतून जात राहतो, तेवढ्यात नाकाने आत घ्यायचं. मी पुष्कळ दिवस प्रयत्न केला, मला काही ते जमलं नाही. पुढे मी शिक्षिका झाले आणि श्वास न घेता बोलायला तेवढी शिकले, असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

मी लग्न केलं नाही. का, ते सांगण्याची ही जागा नाही. दादा आणि वहिनीबरोबर डहाणूतच राहिले आणि रोज जीपने तलासरीच्या बाजूला शाळेत जात राहिले. वहिनी तिकडचीच, पाड्यावरच्या शेतकरी घरातली. कारखान्यात मणी ओवायला यायची. आमच्यात आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे, या दोघांनी आपली आपण ठरवली. आई वर्षभर तिच्याशी बोलली नाही, आणि नंतर तिच्याशिवाय आईचं पान हलेना.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत दादाला क्षय झाला. गोळ्या पूर्ण झाल्या, तो बरा झाला, पण डावं फुफ्फुस आक्रसून गेलं. छातीच्या एक्स-रे फोटोत ते कुरतडल्यासारखं दिसायचं आणि उजवं चांगलं मोठं, ऐसपैस. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं की डावं वाया गेलं आणि दादा उजव्यावर जगतो. जिना चढताना दम लागला की वहिनी डाव्या बाजूला नावं ठेवायची. दादाने काम सोडलं नाही. आजूबाजूच्यांनी गॅसच्या बत्त्या आणल्या, पायाने दाबायचे भाते आणले. दादा बारीक कामाला तोंडातली नळीच वापरायचा. बत्तीने कोणीही जोडेल, असं म्हणायचा. या बाबतीत तो भलताच मिजासखोर होता.

२०१८च्या दिवाळीनंतर त्याच्या खोकल्यात रक्त आलं. पहिल्यांदा त्याने मोरीत पाणी ओतून ते लपवलं. दुसऱ्यांदा वहिनीला रुमालावर दिसलं.

"पान खाल्लेलं," दादा म्हणाला.

"पान तुम्ही कधी खाता?" वहिनीने विचारलं.

खोटं बोलायलाही अक्कल लागते. ती आमच्या घरात कुणालाच नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे जमिनीलाही स्वस्थता नव्हती. भूकंपाचे धक्के बसत होते. माझी शाळा वर्गातून उठून पटांगणातल्या मांडवात आली होती, आणि वहिनीच्या माहेरी माणसं घराबाहेर झोपत होती. डहाणूत आमची भांडी मांडणीवर वाजायची. भांडी वाजली की वहिनी आधी दादाकडे बघायची आणि मग छपराकडे. तिच्या लेखी दोन्ही सारख्याच भरवशाची होती.

वापीच्या छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढले. डाव्या फुफ्फुसात जुन्या क्षयाने पोकळ्या केल्या होत्या. त्यातल्या एकीत बुरशीचा गोळा बसला होता आणि तो आजूबाजूच्या रक्तवाहिन्या खात होता. डॉक्टरांनी दादाला बाहेर बसवून आम्हा दोघींना सांगितलं, की आज चमचाभर येतंय, पण एखाद्या दिवशी एकदम येईल आणि माणूस आपल्याच रक्तात गुदमरेल. उपाय एकच, डावं फुफ्फुस काढून टाकायचं. त्यासाठी त्यांनी सुरतेच्या सर्जनकडे पाठवलं. बाहेर आल्यावर दादाने विचारलं, काय म्हणाले? वहिनी म्हणाली, "खराब झालंय ते काढणार." तिच्या आवाजात जवळजवळ आनंद होता. एवढ्या वर्षांची कटकट घरातून जाणार होती.

सुरतेचे सर्जन माझ्याच वयाचे, बोलायला सावकाश. त्यांनी फोटो उजेडावर धरून बराच वेळ पाहिले. म्हणाले, डावं काढायचं तर उजवं एकटं पुरेल का, ते आधी बघायला हवं. म्हणून फुंकायची चाचणी झाली. फुंकायचं म्हटल्यावर दादा खूश. यंत्राच्या नळीत जोर लावून एकदम फुंकायचं असतं. दादाने गाल फुगवले आणि ज्योत धरल्यासारखी बारीक, लांब, सुरेख फुंक सोडली. ती संपेचना. चाचणी घेणारा माणूस यंत्राकडे बघतोय, दादाकडे बघतोय. पुन्हा करा, जोराने. पुन्हा तेच. शेवटी जे आकडे आले त्यांवर सर्जनचा विश्वास बसेना. शिवाय ते म्हणाले, या चाचणीत घरात एकूण किती येतं ते कळतं, कोण किती कमावतो ते कळत नाही. त्यासाठी वायूची चाचणी करावी लागेल. किरणोत्सारी वायू श्वासातून आत द्यायचा, आणि छातीच्या कुठल्या भागात तो किती पोचतो ते पाठीमागचा कॅमेरा बघणार.

किरणोत्सारी हा शब्द आमच्याकडे नवा नाही. किनाऱ्याने खाली गेलं की अणुभट्टी आहे, आणि नात्यातलं कुणी ना कुणी तिथे कामाला आहे. तरी वहिनीने टेक्निशियन मुलीला विचारलंच, की घरी गेल्यावर ह्यांची भांडी वेगळी ठेवायची का. ती मुलगी गुजरातीत बोलायची. हसून म्हणाली, काही नको मासी, दोन मिनिटांत श्वासावाटे निघून जातं.

खोलीत एक खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीला लागून परातीएवढा मोठा, पण चौकोनी कॅमेरा. दादाला त्याला पाठ टेकून बसवलं, नाकाला चिमटा लावला आणि रबरी टोकाची नळी तोंडात दिली. "काका, मोढेथी श्वास ल्यो, मोढेथीज छोडो. आराम थी," ती म्हणाली, म्हणजे तोंडानेच घ्यायचा आणि तोंडानेच सोडायचा. दादाने मान हलवली. गुजराती त्याला माझ्याहून चांगलं येतं, त्याचे व्यापारी सगळे गुजराती. आम्हा दोघींना काचेपलीकडे बसवलं. तिथे पडदा होता, त्यात दिसणार होतं.

नळी ओठांत गेली आणि दादाचे गाल फुगले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी पडद्याकडे बघत होते. पडदा काळा. मुलीने आमच्या बाजूला येऊन वायू सोडला. पडद्यावर छाती जिथे दिसायची तिथे काहीच नाही, फक्त वरच्या काठाला उजेडाचे दोन डाग. "श्वास अंदर ल्यो काका," ती ध्वनिक्षेपकातून सांगत होती. दादाचे डोळे मोठे झाले होते. तो काम करताना बसतो तसा ताठ बसला होता. गाल भरलेले, आणि नाकाने आत घ्यायची वाट बघत असलेला. नाकाला चिमटा. जेवढा वारा नळीतून यायचा तो गालात जायचा आणि गालातून परत नळीत. छाती हललीच नाही. मग चेहरा लाल झाला, निळसर झाला, आणि त्याने एका हाताने चिमटा आणि दुसऱ्याने नळी उपसून फेकली.

लगेच मोठा पंखा सुरू झाला आणि दादाला खोकत-खोकत बाहेर आणलं. वायू खोलीत सांडला होता, थोडा वेळ आत कुणी जायचं नव्हतं. ती मुलगी रागावली नाही. दादाचा श्वास बसल्यावर तिने विचारलं, "काका, तमे शुं काम करो छो?" दादाने दोन बोटं ओठांशी नेली, दुसऱ्या हाताने हवेत एक कडी धरली. मग मीच सांगितलं. ती पडद्यावरच्या त्या दोन डागांकडे बघत म्हणाली, हे काकांचे गाल.

वायू बाहेरून मागवावा लागतो, म्हणून चाचणी पुन्हा लगेच होणार नव्हती. सर्जननी आमच्यापुढे सरळ मांडलं. माझं मत विचाराल तर चाचणी पुन्हा करावी, वायू यायला काही आठवडे लागतील. थांबण्यात रक्ताचा धोका आहे. तुम्हाला थांबायचंच नसेल तर फोटोत उजवं चांगलं दिसतंय, त्याच्या भरवशावर पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करता येईल, पण जोखीम तुमची.

"करा," वहिनी म्हणाली.

"नाय," दादा म्हणाला. "चाचणी परत करायची."

मला वाटलं, त्याला जोखमीचं कळलं. कसलं काय. गाडीत खिडकीशी बसून तो स्वतःशीच म्हणाला, "पोरीच्या समोर नळी तोंडातून सुटली माझ्या." जन्मभर ज्याच्या फुंकेची तारीफ झाली त्याला नळीने तोंडघशी पाडलं होतं, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. वहिनीने हे ऐकलं. घरी आल्यावर तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं ते आवाज करून.

मी शिक्षिका, तेव्हा शिकवायचं काम माझ्याकडे आलं. परसात पपई होती. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो, पोरं त्याच्या पिपाण्या करतात. एक देठ कापला, दादाच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावला आणि देठाच्या पुढच्या टोकाशी कापसाचा पुंजका धरला. "आत ओढ. कापूस देठाला चिकटला पाहिजे." कापूस उडून तुळशीत पडला. पुन्हा धरला, पुन्हा उडाला. मी समजावलं, खेकसले, छातीचं चित्र काढून दाखवलं. पहिलीची पोरं माझ्याकडे जशी बघतात तसा तो बघत राहिला.

"नळीला द्यायचं असतं, बाय," तो चिमट्यामुळे गेंगाण्या आवाजात म्हणाला. "तिच्याकडून घ्यायचं कसं?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. ओठांना नळी लागली की त्याचे गाल आपोआप भरायचे आणि छाती गप्प व्हायची. ते त्याच्या हातात नव्हतंच. फार तर ओठातून गालापर्यंत ओढायचा, तिथे वारा अडायचा, पुढे जायचा नाही.

त्यातच एका सकाळी वाटीभर रक्त आलं. चमचाभर आणि वाटीभर यांत काय फरक असतो ते पाहणाऱ्यालाच कळतं. वहिनीने फोन माझ्या हातात दिला. "डॉक्टरला सांगा ताई, चाचणी नको. कापा म्हणावं." दादा भिंतीला टेकून बसला होता, ओठाच्या कडेला अजून लाल होतं. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. मी फोन लावला, पण सर्जनना फक्त रक्ताचं सांगितलं. त्यांनी औषध वाढवलं आणि वायूचा दिवस लवकर येतोय म्हणाले. वहिनी माझ्यावरही रुसली. मला तिचा रागही कळत होता आणि त्याचा हट्टही. त्या दोघांच्या मध्ये माझं भरीत झालं होतं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी आमचा कापसाचा कार्यक्रम चालला होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मग ती आत गेली, मागच्या दाराने शेजारी गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात बिडी होती. ती तिने चुलीवर पेटवली. अंगणाच्या पार टोकाला, दादाला धूर लागणार नाही अशी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उकिडवी बसली. दोन बोटांच्या बेचक्यात बिडी धरून तिने असा झुरका घेतला की धूर कुठे गेला ते कळेना. थोडा वेळ काहीच नाही. मग नाकातून दोन सरळ धारा सावकाश बाहेर आल्या.

दादाच्या तोंडातून पपईचा देठ पडला.

"गालात ठेवायचा नाय," ती म्हणाली. "गालात ठेवला तर नुसता खोकला येतो. इथे न्यायचा." तिने बरगड्यांखाली हात ठेवून दाखवला. "पोट पुढे येऊ द्यायचं. मग तो आपला आपण खाली जातो."

"हे कधी शिकलीस?" दादाने विचारलं.

"माहेरी. भात कापायला जायचो तेव्हा. सगळ्या बाया ओढायच्या. माझ्या आजीने शिकवलं."

"मग इकडे?"

"इकडे तुमच्या आईपुढे?" तिने बिडी मातीत विझवली. "लग्न झालं तशी सोडली. लई दिवस हाताला चैन नव्हतं."

इतकी वर्षं एका ताटाशी बसून जेवलेल्या बायकोकडे दादा असा बघत होता, जणू ती आत्ताच मणी ओवायला कारखान्यात आली आहे. मी सुद्धा पाहत राहिले. मला वाटत होतं, या घरात मला ठाऊक नाही असं काही नाही.

त्यानंतर शिकवणी वहिनीने घेतली. माझी शाळा तिने बंद केली म्हणा ना. रोज संध्याकाळी ती दादासमोर बसायची, एक हात त्याच्या पोटावर ठेवायची आणि देठ त्याच्या ओठांत द्यायची. बोलणं फार नाही. "माझा हात ढकला," एवढंच. गाल फुगले की दुसऱ्या हाताने गालावर टिचकी. पहिले काही दिवस हात हलला नाही. एके दिवशी थोडा हलला. पुढे कापूस देठाला चिकटला आणि दादा मान वर करून माझ्याकडे असा बघायला लागला, जणू शाळेत पहिला आलाय. वहिनीच्या ओठांवर हसू होतं. रक्त आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

फेब्रुवारीत पुन्हा सुरत. तीच खुर्ची, तीच मुलगी. नाकाला चिमटा लागला. वहिनी काचेपलीकडे होती, तिचा हात दादाच्या पोटावर पोचणार नव्हता. तिने तो काचेवर ठेवला. दादाने नळी ओठांत घेतली, गाल किंचित भरले, आणि मग ते बसले. पोट पुढे आलं.

पडदा उजळला. आधी डावीकडे खाली, मग हळूहळू उजवीकडेही. चित्र पाठीमागून घेतलेलं, म्हणून डावं डावीकडेच दिसतं, असं मुलीने सांगितलं होतं. "वाह काका," ती ध्वनिक्षेपकातून म्हणाली. थोड्या वेळाने तिने वायू बंद करून साधी हवा सुरू केली. डावीकडचा उजेड भराभर विझत गेला. उजवीकडचा राहिला. डावी बाजू काळी होऊन गेली तरी उजवी आपली उजळच.

"बघा ताई," वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "उजवं कसं दिव्यासारखं आहे." तिने पडद्याला हात जोडले. मलाही तसंच वाटलं. खराब ते विझलं आणि चांगलं ते तेवत राहिलं, यात न समजण्यासारखं काय होतं? मुलगी मात्र, पुढचं डॉक्टर सांगतील, म्हणाली. मग दादाच्या दंडात सुई देऊन रक्त फुफ्फुसात कुठे-कुठे पोचतं त्याचीही तशीच चित्रं काढली. दादा बाहेर आला तो छाती काढून. नळी तोंडातून सुटली नव्हती. आम्ही तिघांनी खाली जाऊन चहा घेतला, आणि वहिनीने त्याला न विचारता दोन बिस्किटं जास्त दिली.

दुपारी सर्जननी आत बोलावलं. टेबलावर चित्रं मांडली होती. चाचणी उत्तम झाली, म्हणाले. मग त्यांनी उजवीकडच्या उजेडावर बोट ठेवलं.

"उजवं फुफ्फुस फोटोत मोठं दिसतं," ते म्हणाले, "ते मोठं आहे कारण हवा आत अडकते. आत हळू शिरते आणि बाहेर निघत नाही. तुम्ही शेवटपर्यंत जे उजळ पाहिलंत, तो अडकलेला वायू. श्वास म्हणजे आत आणि बाहेर, दोन्ही. तिथे बाहेर नाहीच. रक्तही तिकडे फार पोचत नाही." मग त्यांनी बोट डावीकडे नेलं. वरचा भाग पोकळ, तो गेलेलाच. "पण हा खालचा. हा लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो. रक्तही इथेच सगळ्यात जास्त. तुमचा भाऊ मुख्यतः याच्यावर जगतोय."

"डाव्यावर?" मी विचारलं.

"डाव्याच्या खालच्या भागावर. ते काढता येणार नाही. वरचा तेवढा काढायचा म्हटलं तरी त्या ऑपरेशनमध्ये उजव्याने एकट्याने काही काळ सांभाळायला हवं. ते सांभाळणार नाही."

दादाने विचारलं, "मागेच काढलं असतं तर?"

"अवघड झालं असतं," ते म्हणाले. मग दादा बघतच राहिला म्हणून पुढे म्हणाले, "बहुतेक वाचला नसतात."

उजवं कशाने बिघडलं, असं दादाने विचारलं. जुना आजार असेल, झाळेचा धूर असेल, दोन्ही असेल. नक्की सांगता येत नाही, पण धूर आजपासून बंद. दादाने मान हलवली. कारखान्यातल्या त्या लांबट खोलीपासून आजवर त्याने जे काही केलं ते तीन शब्दांत बंद झालं, आणि त्याने नुसती मान हलवली.

वहिनी खाली बघत होती. बाहेर बाकावर बसल्यावर तिने पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले. "मी कापा म्हणत होते," ती म्हणाली. "मी तर रोज कापा म्हणत होते." येणारे-जाणारे बघत होते. दादाला लोकांसमोर बायकोला हात लावायची सवय नाही. तो आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "कापायचं तू बोललीस. ओढायला पण तूच शिकवलंस. झालं, फिटलं." तिला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, मला माहीत आहे.

मला त्या दिवशी राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. दादाचा हट्ट नसता तर आम्ही त्याला मारून घरी आणलं असतं, आणि आमच्या मते आम्ही त्याला बरं करत होतो. तो वाचला तो शहाणपणाने नाही. एका पोरीसमोर नळी सुटली, त्या मिजाशीने वाचला. आणि वाचून मिळालं काय, तर तो बुरशीचा गोळा तसाच, त्याच्या जागी. लोक नंतर म्हणायचे, देवाने राखलं. मी हो म्हणायचे. माझ्या मनात यायचं, राखायचंच होतं तर अर्धवट का राखलं?

मार्चमध्ये त्याच हॉस्पिटलात मांडीतून बारीक नळी वर नेऊन रक्त येणाऱ्या वाहिन्या आतून बुजवल्या. हा पक्का उपाय नाही, नवीन वाट फुटू शकते, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. उन्हाळा बरा गेला. दादाने हत्यारं पुसून एका पोरगेल्या कारागिराला देऊन टाकली. दुपारी काही सुचत नाही म्हणून तो वहिनीला वालाच्या शेंगा सोलू लागायचा आणि तिच्याहून सावकाश सोलायचा.

२०१९च्या पावसाळ्यात रक्त पुन्हा सुरू झालं. कधी थोडं, कधी बरंच. सुरतेला जातो, औषध बदलतं, परत येतो. रक्त आलं की त्याला डाव्या कुशीवर निजवायचं, म्हणजे ते दुसऱ्या बाजूला उतरत नाही, असं डॉक्टरांनी शिकवलंय. वहिनी त्याच्या पाठीला गुडघ्याचा टेकू देऊन बसते. मी पातेलं धरते. त्याची डावी बाजू गादीत दाबलेली असते आणि आम्ही दोघी तिच्याकडे टक लावून असतो. ज्या बाजूने हे रक्त येतंय, ते थांबल्यावर पुढचा श्वासही त्याच बाजूने यायचा असतो.